मोटर उघडली की कळतं

आमच्या इचलकरंजीत मोटर जळली की ती ‘भरायला’ देतात. जळकं वाइंडिंग कापून काढायचं, स्टेटरच्या खाचा साफ करायच्या, नवा कागद बसवायचा, मूळ गेजची तार मोजून तेवढेच वेढे घालून भरायची, वार्निश द्यायचं आणि भट्टीत सुकवायचं. वडिलांच्या हाताखाली मी हे काम शिकले आणि आता त्यांचं दुकान मीच चालवते. यंत्रमागाच्या मोटरी, शेतीपंप, कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, मिक्सर, पंखे असं सगळं माझ्याकडे येतं. जर्मन येतं, जपानी येतं, चिनी येतं, कोइमतूरचं आणि राजकोटचं येतं, आणि कुणाचंच नाव नसलेलंही येतं.

दुकानात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “ताई, आपली घ्यावी का चायनाची? चायनाची निम्म्या पैशात मिळतीया.” दुसरा प्रश्न अगदी उलट्या टोकाचा. चार पैसे हातात आलेला एखादा कारखानदार म्हणतो, “आपल्या मालात दम न्हाई ओ, इंपोर्टेडच बघूया.” दोघांनाही मी आधी एवढंच विचारते की मोटर दिवसाला किती तास चालणार आहे, आणि ती जिथं बसणार तिथं व्होल्टेज किती मिळतं.

कारण दर्जाविषयी बोलताना आपण पहिल्यांदा देशाचं नाव घेतो, पण मोटर उघडून बसणाऱ्या माणसाला देश फार उशिरा दिसतो. आधी दिसते ती तार.

मोटरच्या किमतीत तांब्याचा वाटा मोठा असतो. अ‍ॅल्युमिनियमचा किलोचा भाव तांब्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतो, शिवाय तेवढ्याच आकारमानाला त्याचं वजन तांब्याच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी भरतं. म्हणजे तीच खाच अ‍ॅल्युमिनियमनं भरली तर तारेचा खर्च दहाव्या हिश्श्यावर येतो. स्वस्त मोटर स्वस्त का, याचं अर्धं उत्तर इथंच आहे. मात्र अ‍ॅल्युमिनियम विजेला तांब्यापेक्षा जास्त अडवतं. तोच प्रवाह तेवढाच तापत न्यायचा तर अ‍ॅल्युमिनियमची तार आडव्या छेदात सुमारे १.६ पट मोठी घ्यावी लागते. मोठ्या तारेला मोठी खाच लागते, मोठ्या खाचेला मोठं स्टॅम्पिंग (गाभ्याच्या पत्र्याच्या चकत्या), म्हणजे मोटरचं अंगच वाढवावं लागतं. जो कारखाना हे सगळं प्रामाणिकपणे करतो त्याची अ‍ॅल्युमिनियमची मोटर चांगली चालते. गावोगावच्या डीप्यांमधली कितीतरी रोहित्रं अ‍ॅल्युमिनियमच्या वाइंडिंगची असतात आणि वर्षानुवर्षं उन्हापावसात उभी असतात. तेव्हा अ‍ॅल्युमिनियम म्हटलं की नाक मुरडायचं कारण नाही.

फसवणूक सुरू होते ती तांब्याच्या मोटरीचंच अंग ठेवून त्यात तेवढ्याच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार घातल्यावर. वरचं इनॅमल तांबूस रंगाचं असतं. काही तारांवर तर तांब्याचा पातळ मुलामाच चढवलेला असतो. गिऱ्हाईक झाकण काढून बघतं, त्याला तांबं दिसतं आणि त्याची खात्री पटते. ब्लेडनं खरवडल्यावर आतून पांढरं निघतं. हा प्रकार मी चिनी मोटरींत पाहिला आहे, आणि आपल्याच देशात बनलेल्या, खोक्यावर तिरंग्याचे पट्टे छापलेल्या मोटरींतही पाहिला आहे. दुसरा प्रकार पाहिला की मला जास्त राग येतो. परदेशी माणसानं आपल्या नावावर काही मागितलेलं नसतं. इथं आपल्याच माणसानं देशाचं नाव पुढं करून पैसे घेतलेले असतात.

अशी तार भरलेली मोटर चालू केल्याबरोबर काही होत नाही, हीच अडचण आहे. ती फिरते, पाणी चढवते, माग ओढते. फक्त जरा जास्त तापते. वाइंडिंगच्या इन्सुलेशनचे उष्णता सोसण्याचे वर्ग ठरलेले आहेत. ‘बी’ वर्ग १३० अंशांपर्यंत, ‘एफ’ वर्ग १५५ अंशांपर्यंत. आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा असा की सोसवेल त्याच्यावर दर दहा अंशांनी तापमान वाढलं की वाइंडिंगचं आयुष्य निम्मं होतं. दहा वर्षं चालायची ती पाच वर्षं चालते, आणखी दहा अंश वाढले तर अडीच. गॅरंटी वर्षाची असते, आणि ते वर्ष मोटर बहुतेक वेळा काढतेच.

त्यात आपलं व्होल्टेज. उन्हाळ्यात उसाला पाणी द्यायला नदीकाठचे सगळे पंप एकदम सुरू झाले की २३० व्होल्टच्या ठिकाणी १८० मिळतात, कधी त्याहून कमी. पंपावरचा भार तर तेवढाच असतो, मग मोटर जास्त अँपिअर ओढते. तारेतली उष्णता अँपिअरच्या वर्गानं वाढते. म्हणजे प्रवाह सव्वापट झाला की उष्णता दीडपटीच्या वर जाते. कोइमतूर, राजकोट, किर्लोस्करवाडी इथल्या पंप बनवणाऱ्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक आहे. त्यांच्यातले चांगले लोक कमी व्होल्टेजचा हिशेब धरूनच मोटर आखतात, तारेत आणि स्टॅम्पिंगमध्ये हात राखून ठेवतात. युरोपात रात्रंदिवस एकसारखं व्होल्टेज मिळतं. तिथल्यासाठी आखलेल्या सुबक पंपात हा हात राखलेला नसतो, आणि त्यात त्या पंपाची काही चूक नाही. तो पंचगंगेच्या काठासाठी बनवलेलाच नव्हता. म्हणून शेतीपंप घ्यायचा असेल तर मी बिनदिक्कत देशी घ्यायला सांगते, दोन हजार जास्त पडले तरी.

आता तासांचा हिशेब. यंत्रमागावर बहुधा एक हॉर्सपॉवरची, म्हणजे पाऊण किलोवॅटची, सहा पोलची मोटर असते. मोटरींच्या कार्यक्षमतेचे दर्जे जगभर सारखे ठरलेले आहेत. आयई-१ दर्जाच्या अशा मोटरची कार्यक्षमता ७० टक्के, आयई-३ दर्जाच्या मोटरची जवळजवळ ७९ टक्के. पूर्ण भारावर धरलं तर पहिली मोटर दुसरीपेक्षा साधारण १२० वॅट जास्त खाते. माग दिवसाला वीस तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालला तर ६००० तास होतात, आणि सातशेच्या वर युनिट नुसते उष्णता बनून जातात. युनिटला पाच रुपये धरा, वर्षाला साडेतीन हजार झाले. एका मागाचे. शेडमध्ये चोवीस माग असतील तर आकडा ज्याचा त्यानं काढावा. प्रत्यक्षात मागावरचा भार कमीजास्त होतो, त्यामुळं रक्कम थोडी खाली येईल, पण मोटर घेताना वाचवलेले दीड-दोन हजार पहिल्या वर्षा-दोन वर्षांत निघून जातात, हे काही बदलत नाही. थ्री फेज मोटरींना आपल्याकडे आयएस १२६१५ हे मानक आहे आणि २०१७ च्या आदेशानं किमान आयई-२ दर्जा सक्तीचा केला. तरी जुन्या आणि बिनपाटीच्या मोटरी बाजारात फिरतच असतात.

याउलट घराच्या गच्चीवरची टाकी भरायचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप. तो दिवसाला वीस मिनिटं चालतो. वर्षाचे १२० तास. त्याच्या वीजबिलातला फरक शोधूनही सापडणार नाही, आणि तो तापायच्या आत टाकी भरते. तिथं एखाद्या शिक्षकानं किंवा निवृत्त माणसानं स्वस्तातला चिनी पंप घेतला तर मी अडवत नाही. एवढंच सांगते की आतला सील आणि बेअरिंग नेहमीच्या मापाचं आहे का ते दुकानदाराला विचारा. वीस मिनिटं चालणाऱ्या पंपावर दुप्पट पैसे घालणं मला पटत नाही, मग त्यावर कुठल्याही देशाचं नाव असो.

चायना, चायना म्हणून जो एक माल आपण समजतो तोही एक नाही. चीनच्या झेजियांग प्रांतात ताइझोऊच्या बाजूला पंप आणि मोटरींच्या कारखान्यांची गावंच्या गावं आहेत. तिथून जगभर माल जातो, कडक नियमांच्या देशांतही जातो. कारखाना मागणीप्रमाणे माल काढतो. आपल्याकडचा व्यापारी तिथं जाऊन काय मागतो, त्यावर आपल्याला काय मिळतं ते ठरतं. तो म्हणाला की अमुक रुपयांच्या वर मला परवडत नाही, तर स्टॅम्पिंगची थप्पी दहा मिलिमीटरनं कमी होते, तार बारीक होते, बेअरिंगच्या जागी बुश येतो. बाहेरचा रंग आणि स्टिकर तेवढे पहिल्यासारखे राहतात. चिनी माल टाकाऊ असतो असं म्हणणारा माणूस खिशातून जो मोबाइल काढून मला त्या मोटरीचा फोटो दाखवतो, तो मोबाइलही बऱ्याचदा तिकडचाच असतो आणि उत्तम चालत असतो.

परदेशी माल दामदुप्पट देऊनही घ्यावा अशी जागा आहे का? आहे, आणि ती माझ्याच गावात आहे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली सुरू केला, नारायणराव घोरपडे सरकारांच्या पाठबळानं. तेव्हापासून साध्या मागांवर या गावानं नाव कमावलं. साध्या मागाचं कुठलंही लोखंड तुटलं तरी जॉबर पाना घेऊन बसतो, नवा भाग जवळच्या फाउंड्रीत ओतून मिळतो आणि संध्याकाळी माग सुरू होतो. पण हा माग मिनिटाला शंभर-दीडशे धोटे मारतो. एअरजेट माग सहाशेच्या पुढं जातो, कापडात खोट कमी येते, पन्हा मोठा मिळतो. १९९९ मध्ये केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आली, व्याजात सवलत मिळाली, आणि युरोपातल्या-जपानमधल्या गिरण्यांनी वापरून काढलेले शटललेस मागही इथं येऊ लागले. असे वेगवान माग आपल्या देशात अजूनही पुरेसे बनत नाहीत. ज्याला निर्यातीचं कापड विणायचं आहे त्यानं आयात माग घेऊ नये असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे त्याला धंद्यातून उठवणं आहे.

पण त्याची पूर्ण किंमत आधी मांडून बघा म्हणते. जपानी कारखान्यात थ्री फेज वीज २०० व्होल्टची असते, आपल्याकडे ४१५. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आला. मागाचं नियंत्रण करणारं कार्ड गेलं तर ते मुंबईतून किंवा बाहेर देशातून मागवायचं, आणि तोपर्यंत माग उभा. एका ओळखीच्या कारखानदाराचा माग असाच एका छोट्या कार्डापायी दिवाळीच्या तोंडावर आठवडेच्या आठवडे बंद राहिला. बँकेचा हप्ता काही थांबला नाही. त्याच्या शेजारचे साधे माग मात्र रात्रभर खडखडत होते.

बेअरिंगची गोष्ट मला फार आवडते. मोटरमधलं ६२०४ नंबरचं बेअरिंग घ्या. शेवटच्या ०४ ला पाचनं गुणलं की आतला व्यास मिळतो, २० मिलिमीटर. बाहेरचा ४७, जाडी १४. स्वीडनमध्ये बनो, जपानमध्ये, चीनमध्ये की पुण्याजवळ चिंचवडला, हा नंबर आणि ही मापं बदलत नाहीत. त्यामुळं जर्मन मोटरीतलं बेअरिंग गेलं तर ते मी गावातल्या दुकानातून दहा मिनिटांत आणून बसवते. चिंचवडला स्वीडिश कंपनी कित्येक दशकं बेअरिंगं बनवते आहे, मराठी कामगारांच्या हातून. ते देशी म्हणायचं की परदेशी? मोटर किर्लोस्करवाडीची असली तरी तिच्यातलं तांबं, स्टॅम्पिंगचा पत्रा, इनॅमल कुठून आलं असेल सांगता येत नाही. या बाजारात खरा धोका वेगळाच आहे. नामांकित कंपनीच्या हुबेहूब खोक्यात भरलेली नकली बेअरिंगं निम्म्या भावात मिळतात. तीन महिन्यांत आवाज करायला लागतात, आणि बोल मोटर भरणाऱ्याला लागतो. मी बिलाशिवाय बेअरिंग घेत नाही ते यासाठी.

आपल्या वापरासाठी, आपल्या हातांनी बनवलेली वस्तू परदेशी वस्तूपेक्षा सरस ठरते तेव्हा काय होतं, याची दोन उदाहरणं मी मुलांना नेहमी सांगते. पहिलं सुमीत मिक्सरचं. १९६० च्या दशकात माधुरी माथुर यांचा ब्राऊनचा जर्मन मिक्सर बंद पडला आणि इथं तो दुरुस्त होईना. युरोपातलं यंत्र मऊ गोष्टी घुसळण्यासाठी केलेलं, आणि आपल्या घरात त्यात हळकुंडं, सुकं खोबरं, भिजलेली डाळ पडणार. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांनी जास्त ताकदीची मोटर घालून आपल्या मसाल्याला पुरेल असा मिक्सर बनवला. पुढं देशभर घराघरांत मिक्सर म्हणजे सुमीत असं झालं. ते जुने मिक्सर आजही माझ्याकडे येतात. कार्बन ब्रश बदलला, कपलर बदलला की पुन्हा वाटायला लागतात.

दुसरं लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराचं. १९०३ मध्ये त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानं जमीन नासेल म्हणून शेतकरी हात लावेनात, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढं १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेव्हा विलायती नांगरही बाजारात होते. पण इथल्या नांगराचा फाळ झिजला तर दुसरा इथंच मिळणार होता, बोटीची वाट बघायची नव्हती. माझ्या मते हा फाळ फार महत्त्वाचा आहे. दर्जा म्हणजे पहिल्या दिवशी यंत्र कसं चालतं एवढंच आपण पाहतो. पाचव्या वर्षी त्याचा झिजलेला भाग किती कोसांवर आणि किती रुपयांत मिळतो, हेही दर्जातच धरायला हवं.

नुसती आयात अडवल्यानं दर्जा येतो का? वडिलांनी १९९१ च्या आधीचा काळ पाहिला होता. आयातशुल्क शंभर टक्क्यांच्या वर, वर परवान्यांची भानगड. गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाताच येत नव्हतं, त्यामुळं काही देशी कारखाने वर्षानुवर्षं तोच माल त्याच दोषांसह काढत राहिले. मग १ एप्रिल २००१ ला उरलेल्या ७१५ वस्तूंवरची आयातबंधनं उठली आणि स्वस्त मालाचा लोंढा आला. त्यात काही वाईट कारखाने बुडाले, पण चांगलेही बुडाले, हे मी विसरत नाही. आता सरकार दोन हत्यारं वापरतं आहे. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केलं, पुढं ७०. आणि २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं केलं, देशी आणि परदेशी दोघांनाही. मला यातलं दुसरं हत्यार जास्त भावतं, कारण त्याची अट दोन्हीकडच्या मालाला सारखी आहे. छोट्या कारखानदाराला तपासणीचा खर्च जड जातो, ते खरं. त्यासाठी औद्योगिक वसाहतींमधून स्वस्तात चाचणी करून देणाऱ्या प्रयोगशाळा हव्यात. शुल्क वाढवण्यापेक्षा तो खर्च सरकारनं उचलावा.

गिऱ्हाइकाच्या हातात तोवर काय आहे? खोक्यावरची बारीक अक्षरं. आयात मालावर मूळ देशाचं आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. तो पत्ताच नसेल तर बिघाडानंतर तुम्ही कुणाचं दार वाजवणार? मोटरच्या पाटीवर हॉर्सपॉवर ठळक असते, पण अँपिअर, इन्सुलेशनचा वर्ग आणि आयएस क्रमांक बघा. पाटीवर एक हॉर्सपॉवर आणि हातात घेतल्यावर वजन हलकं लागतं, तर ती एक हॉर्सपॉवर नव्हे. वजनकाटा खोटं बोलत नाही, लोखंड आणि तांबं आहे तेवढंच तो दाखवतो.

अलीकडे मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा पंखा. साधा पंखा ७५ वॅट खातो, हा तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास, वर्षाला तीनशे दिवस चालला तर दीडशेच्या वर युनिट वाचतात. आपल्याच देशातल्या नव्या कंपन्यांनी हे घराघरांत नेलं, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्याच्या आत चुंबक आहे आणि एक इलेक्ट्रॉनिक कार्ड आहे. त्या कार्डावरचे बरेचसे भाग बाहेरून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीननं काही दुर्मीळ धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा विजेवरची वाहनं बनवणाऱ्या आपल्या कंपन्यांची धांदल उडाली, ते सगळ्यांनी वाचलं. पंखा तर घरातली साधी गोष्ट. त्याचं वाइंडिंग मी भरू शकते, बेअरिंग बदलू शकते. कार्ड गेलं, आणि तेच मॉडेल कंपनीनं बंद केलं असेल, तर तीन वर्षांचा चांगला पंखा भंगारात जातो आणि वाचलेल्या विजेचे पैसे नव्या पंख्यात जातात.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं यांच्या कंपन्यांनी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती तिथं द्यावी, अशी कल्पना आहे. माझं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. पंख्याच्या खोक्यावर कार्डाचा नंबर छापा, ते कार्ड दहा वर्षं मिळेल असं लिहून द्या, आणि ते आमच्यासारख्या तालुक्याच्या दुकानात विकायला ठेवा. असा पंखा दोनशे रुपयांनी महाग असला तरी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तोच घ्यायला सांगेन.